स्क्रीन हिरवी, इंटरनेट बंद: नेटवर्क मॉनिटरिंगमध्ये कोणाला काय दिसावं?

प्रश्न: आमच्या हॉटेल ग्रुपची बागा, मोरजी आणि कोलवा इथे हॉटेलं आहेत, मुख्य ऑफिस पणजीत. मिळून चारशेच्या आसपास उपकरणं झॅबिक्सवर (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आहेत, सर्व्हर पणजीत. आतापर्यंत सगळे एकाच 'ॲडमिन' लॉगिनने बघायचे. अलर्टचा मारा एवढा की व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यांनी म्यूट करून टाकला. म्हणून मी प्रत्येक हॉटेलसाठी वेगळा युजर ग्रुप केला, डिपेन्डन्सी लावल्या (मूळ बिघाड असेल तर त्यामुळे येणारे बाकीचे अलर्ट दाबायचे). गेल्या आठवड्यात मोरजीचं इंटरनेट पाऊण तास बंद होतं. तिथल्या ड्यूटी मॅनेजरनी फोनच्या मोबाइल डेटावरून डॅशबोर्ड उघडला, तर एकही प्रॉब्लेम नाही, सगळं हिरवं. माझं काय चुकलं? कोणाला काय दाखवावं, कोणाला काय कळवावं? रिसेप्शनला टीव्ही लावावा का? बाहेरच्या व्हेंडरला लॉगिन द्यावं का?

उत्तर:

तुम्ही केलेल्या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. त्या दोन्ही एकत्र आल्या आणि स्क्रीन कोरी राहिली. हे कसं झालं ते आधी नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मोरजीचा राउटर पणजीची टीम सांभाळते, त्यामुळे तो बहुधा 'वॅन' (शाखांना जोडणारं नेटवर्क) किंवा तशाच नावाच्या होस्ट ग्रुपमध्ये, म्हणजे उपकरणांच्या गटात, असणार. मोरजीच्या मॅनेजरना तुम्ही 'मोरजी' या ग्रुपवर वाचायची परवानगी दिलीत. लाइन गेली तेव्हा राउटरचा प्रॉब्लेम तयार झाला, पण तो त्यांना दिसणाऱ्या ग्रुपच्या बाहेर होता. मग मोरजीतले स्विच आणि ॲक्सेस पॉइंट तरी लाल व्हायला हवे होते, कारण पणजीच्या सर्व्हरपर्यंत त्यांचंही उत्तर येत नव्हतं. पण त्यांचे ट्रिगर (प्रॉब्लेम कधी धरायचा ते ठरवणाऱ्या अटी) तुम्ही राउटरवर अवलंबून ठेवलेत. झॅबिक्समध्ये वरचा ट्रिगर आधीच प्रॉब्लेममध्ये असेल तर खालच्या ट्रिगरची अवस्था बदलतच नाही. म्हणजे नुसता निरोप थांबत नाही, प्रॉब्लेमच नोंदला जात नाही. खालचे अलर्ट डिपेन्डन्सीने दाबले, वरचा परवानगीने झाकला. मॅनेजरच्या वाट्याला उरलं शून्य, आणि शून्याचा रंग हिरवा.

तातडीचा उपाय सोपा आहे. झॅबिक्समध्ये एक होस्ट कितीही ग्रुपमध्ये राहू शकतो. मोरजीचा राउटर 'वॅन'मध्ये राहू द्या आणि 'मोरजी'मध्येही घाला. तिन्ही हॉटेलांसाठी हे आजच करा. त्या हॉटेलच्या युजर ग्रुपवर 'वॅन'साठी कुठे 'डिनाय' लावलेलं नाही ना, तेही तपासा, कारण डिनाय बाकी सगळ्या परवानग्यांवर मात करतं. होस्ट दुसऱ्या ग्रुपमध्ये घातला तरी दिसणार नाही. आणखी एक जागा बघा. ज्या ट्रिगरच्या सूत्रात दोन होस्ट आहेत, समजा 'मुख्य लाइन बंद आणि बॅकअप लाइनही बंद', तिथे बघणाऱ्याला दोन्ही होस्टवर परवानगी लागते. एकावर नसेल तर तो प्रॉब्लेम त्याच्या यादीत येत नाही. नेमके असेच एकत्रित ट्रिगर सगळ्यात महत्त्वाचे असतात.

आता मूळ मुद्दा. प्रॉब्लेमची यादी रिकामी दिसते तेव्हा तिचे चार वेगळे अर्थ असू शकतात. खरोखर सगळं ठीक आहे. किंवा बिघाड आहे, पण मला बघायची परवानगी नाही. किंवा कुणीतरी तो मुद्दाम झाकला आहे, मेन्टेनन्स लावून, डिपेन्डन्सीने किंवा फिल्टरने. किंवा डेटाच येत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला काहीच माहीत नाही. बहुतेक डॅशबोर्ड हे चारही अर्थ एकाच हिरव्या रंगात दाखवतात. युजर व्ह्यू आखणाऱ्याचं पहिलं काम हे चार अर्थ बघणाऱ्याला वेगळे कळतील असं करणं. विजेट, रंग, नकाशे नंतर.

हा प्रश्न नेटवर्कवाल्यांचा एकट्याचा नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला. कंट्रोल रूमच्या पॅनेलवर त्या व्हॉल्व्हचा दिवा होता, पण तो व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवत नव्हता. व्हॉल्व्हला बंद व्हायचा सिग्नल गेला की दिवा विझायचा. दिवा विझला, ऑपरेटर समजले की व्हॉल्व्ह बंद आहे, आणि दोन तासांहून अधिक काळ थंड करणारं पाणी बाहेर जात राहिलं. सोबत पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजत होते. माहिती चुकीची नव्हती, पण दिवा नेमकं काय सांगतो आहे हे बघणाऱ्याला कळत नव्हतं. आपल्याकडे पाहुण्याची गैरसोय होते, तिथे अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. पण पडद्यावरची चूक त्याच जातीची.

चार अर्थांतला शेवटचा, डेटाच न येण्याचा, सगळ्यात फसवा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. स्विचचं फर्मवेअर अपडेट केलं आणि एखादा ओआयडी (उपकरणातल्या एका आकड्याचा पत्ता) बदलला, की तो आयटम (मोजला जाणारा आकडा) 'नॉट सपोर्टेड' होतो आणि त्यावरचा ट्रिगर 'अननोन' अवस्थेत जातो. प्रॉब्लेमच्या यादीत काहीही येत नाही. महिनोनमहिने त्या स्विचच्या तापमानावर कुणाचं लक्ष नसतं आणि स्क्रीन हिरवी असते. झॅबिक्समध्ये यासाठी 'इंटर्नल' प्रकारच्या ॲक्शन आहेत. आयटम नॉट सपोर्टेड झाला, ट्रिगर अननोन झाला की निरोप पाठवता येतो. हा निरोप हॉटेलवाल्यांना नको, फक्त तुमच्या टीमला, दिवसातून एकदा यादी बघण्यापुरता. पण तो चालू असलाच पाहिजे.

पुढेमागे मोरजीला झॅबिक्स प्रॉक्सी, म्हणजे तिथेच डेटा गोळा करून पणजीला पाठवणारा प्रोग्राम, बसवलीत (बसवाच, लाइन गेली तरी तिकडचा डेटा प्रॉक्सी साठवून ठेवते), तर चित्र पुन्हा बदलतं. लाइन गेल्यावर उपकरणांचे शेवटचे आकडे तसेच गोठून राहतात. डेटा येत नाही हे ओळखणारं 'नोडेटा' फंक्शन अशा वेळी ओरडेल असं वाटतं, पण नव्या आवृत्त्यांमध्ये प्रॉक्सीशी संपर्क तुटला असेल तर ते मुद्दाम गप्प राहतं. 'स्ट्रिक्ट' असं स्पष्ट लिहिलं तरच बोलतं. म्हणून प्रत्येक प्रॉक्सीसाठी 'शेवटचा संपर्क कधी' हा वेगळा ट्रिगर हवा, आणि तो त्या त्या हॉटेलच्या व्ह्यूमध्ये दिसायला हवा.

परवानगीबद्दल माझं मत ठाम आहे: एकाच संस्थेतल्या माणसांना वाचायची परवानगी मोकळ्या हाताने द्या, आणि पडद्यावर काय येईल ते फिल्टरने आवरा. फिल्टरने झाकलेलं पडद्यावर कळतं. 'फक्त हाय आणि त्यावरचे' असं फिल्टरमध्ये दिसतं आणि गरज पडली तर ते काढता येतं. परवानगीने झाकलेलं मात्र नसल्यासारखंच असतं. प्रॉब्लेम विजेट 'तुम्हाला दिसत नसलेले आणखी तीन आहेत' असं कधीच सांगत नाही. सार्वजनिक डॅशबोर्ड बनवून सगळ्यांना शेअर केला की एकच डॅशबोर्ड कोलव्याच्या माणसाला वेगळा दिसतो आणि तुम्हाला वेगळा, कारण विजेट बघणाऱ्याच्या परवानगीवर भरतं. फोनवर बोलताना दोघांनाही वाटतं की आपण एकच गोष्ट बघतोय.

परवानगी घट्ट ठेवायची ती मोजक्या जागी. सीसीटीव्ही रेकॉर्डर, पैशांच्या व्यवहाराची मशीन, आणि पाहुण्यांच्या उपकरणांची माहिती. वायफाय कंट्रोलरमधून येणाऱ्या यादीत पाहुण्यांच्या फोनची नावं येतात, आणि त्यात बहुतेक वेळा माणसाचं नावच असतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून हे कोणाच्या पडद्यावर यावं याचा विचार हॉटेलांना करावाच लागणार आहे. जीएमना (जनरल मॅनेजरना) 'वायफायवर किती जण आहेत' हा आकडा पुरतो, कोण कोण आहेत हे लागत नाही. बदल करायची परवानगी तर नेटवर्क टीमपुरतीच. एसएनएमपीचे (उपकरणांकडून आकडे विचारायच्या पद्धतीचे) कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिचे परवलीचे शब्द, आणि पासवर्ड असलेले मॅक्रो (नाव देऊन साठवलेला मजकूर) 'सिक्रेट' प्रकारात टाका.

सगळ्यांचं एकच 'ॲडमिन' लॉगिन बंद केलंत, हे उत्तम. सुपर ॲडमिनला कोणत्याही होस्ट ग्रुपची मर्यादा लागत नाही, त्यामुळे त्या खात्यावर व्ह्यू आखताच येत नाही. शिवाय प्रॉब्लेम कोणी ॲक्नॉलेज केला ('मी बघतोय' अशी नोंद केली), ट्रिगर कोणी बंद केला हे नंतर शोधता येत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि ठराविक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. त्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर 'ॲडमिन' एवढंच असेल तर त्याचा उपयोग फारसा नाही.

आता व्ह्यू. उपकरणांच्या यादीपासून सुरुवात करू नका. समोरचा माणूस पडद्याकडे कोणता प्रश्न घेऊन येतो तिथून सुरुवात करा.

रिसेप्शनवरच्या माणसाचा प्रश्न एकच असतो: समोर उभ्या असलेल्या पाहुण्याला काय सांगू? त्याला स्विच, पोर्ट, पॅकेट लॉस यातलं काही नको. त्याला सेवा हव्यात. खोल्यांमधलं वायफाय, लॉबीचं वायफाय, कार्ड मशीन, बिलिंग, इंटरकॉम, टीव्ही. प्रत्येकासमोर चालू, अडखळत किंवा बंद, कधीपासून, आणि कोण बघतंय. झॅबिक्स ६.० पासून 'सर्व्हिसेस'चा भाग नव्याने बांधला आहे. प्रॉब्लेमवरच्या टॅगवरून सेवेची अवस्था ठरवता येते. 'दुसऱ्या मजल्यावरच्या ॲक्सेस पॉइंटपैकी अर्ध्याहून जास्त बंद असतील तरच सेवा बंद म्हणा' असे नियमही लावता येतात. तुमच्या दृष्टीने मोठा फायदा असा की कोणती सेवा दिसावी हे युजर रोलवर ठरतं, होस्ट ग्रुपच्या परवानगीवर नाही. म्हणजे मोरजीच्या रिसेप्शनला पणजीच्या राउटरवर हक्क नसला तरी 'मोरजी इंटरनेट: बंद' हे दिसू शकतं. परवा जे घडलं त्यावरचा खरा उपाय हाच. होस्टला दोन ग्रुपमध्ये घालणं ही तात्पुरती सोय.

मजकूरही त्या माणसासाठी लिहायला हवा. टेम्प्लेटमधून येणारा निरोप साधारण असा असतो: 'प्रॉब्लेम: अनअव्हेलेबल बाय आयसीएमपी पिंग, एसडब्ल्यू-बीजी-एफ२-०३.' बागाच्या ड्यूटी मॅनेजरला यातून काही कळत नाही, आणि रात्री झोपेतून उठलेल्या तुमच्या तंत्रज्ञालाही पहिल्या फटक्यात कळत नाही. तोच निरोप असा लिहा:

'बागा, दुसरा मजला, पूर्वेकडचा स्विच बंद. खोल्या २०१ ते २१६ मध्ये वायफाय आणि टीव्ही नाही. रात्री ९:४२ पासून. स्विच लिनन रूममधल्या रॅकमध्ये. आधी रॅकची वीज बघा.'

यासाठी जादू लागत नाही. प्रत्येक होस्टवर तीन मॅक्रो किंवा टॅग भरायचे: जागा, परिणाम, पहिलं पाऊल. निरोपाच्या साच्यात ते ओढून घ्यायचे. चारशे उपकरणांसाठी हे भरायला कंटाळा येतो, पण स्विच आणि राउटरपासून सुरू करा. ॲक्सेस पॉइंटना मजल्यानुसार एकदम लावता येतं. भाषा मराठी, कोंकणी की इंग्रजी, हे त्या शिफ्टला विचारून ठरवा.

इलेक्ट्रिशियन आणि मेन्टेनन्सच्या लोकांचा व्ह्यू बहुतेक ठिकाणी केलाच जात नाही. गोव्यात तर तो आधी हवा. मे अखेरच्या गडगडाटापासून पावसाळाभर विजेचा लपंडाव चालतो, आणि नेटवर्कचे म्हणून येणारे कितीतरी अलर्ट मुळात विजेचे असतात. यूपीएसची माहिती देणारी प्रमाण एमआयबी (कोणते आकडे विचारता येतात त्याची यादी) आरएफसी १६२८ म्हणून १९९४ पासून आहे. बॅटरीवर किती सेकंद झाले आणि अंदाजे किती मिनिटं उरली, दोन्ही तिच्यात मिळतं. वीज गेली, जनरेटर उचलला, अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत: हे कुणालाही कळवायचं कारण नाही, फक्त नोंद राहू द्या. तीन मिनिटं होऊनही बॅटरीवरच असेल तर जनरेटरने भार घेतलेला नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियनला फोन. उरलेली मिनिटं पंधराच्या खाली गेली की नेटवर्क ड्यूटीला, कारण आता सर्व्हर शिस्तीत बंद करायचा निर्णय घ्यावा लागेल. घटना एकच, पण ती तीन माणसांच्या पडद्यावर तीन वेगळ्या वेळी येते. अलर्ट कोणाला दिसावा हे असं ठरतं.

नेटवर्क ड्यूटीच्या माणसाला मात्र सगळं दिसलं पाहिजे, आणि दाबलेलंही दिसलं पाहिजे. त्याच्या प्रॉब्लेम विजेटमध्ये 'शो सप्रेस्ड प्रॉब्लेम्स' चालू ठेवा. मेन्टेनन्समध्ये झाकलेले प्रॉब्लेम त्याला वेगळ्या खुणेने का होईना, दिसायला हवेत. मेन्टेनन्स लावून काम झाल्यावर तो काढायला विसरणं ही रोजची गोष्ट आहे, म्हणून शेवटची वेळ नेहमी त्याच दिवसाची टाका. ६.२ पासून एकेकटा प्रॉब्लेमही ठराविक वेळेपर्यंत सप्रेस करता येतो; 'अनिश्चित काळ' हा पर्याय टाळाच. ६.४ पासून एका प्रॉब्लेमला कारण आणि बाकीच्यांना लक्षणं म्हणून जोडता येतं. लाइन गेल्यावर चाळीस ओळी येण्याऐवजी एक ओळ आणि तिच्याखाली घडी घातलेल्या बाकीच्या, असं दिसतं. डिपेन्डन्सीपेक्षा मला हे जास्त आवडतं, कारण इथे काही नाहीसं होत नाही.

डिपेन्डन्सी ठेवणार असाल तर एक बारकावा सांभाळा. स्विच आणि राउटर दोघांनाही मिनिटाला एकदा पिंग जात असेल, आणि स्विचची पाळी आधी आली, तर राउटर पडल्याचं कळायच्या आतच स्विचचा अलर्ट निघून जातो. राउटरला वीस-तीस सेकंदांनी पिंग करा आणि स्विचच्या ट्रिगरला लागोपाठ तीन अपयशं लागतील असं ठेवा. नागिऑस या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरने हाच प्रश्न 'पॅरेंट' ठरवून सोडवला आहे. तिथे मागचं उपकरण 'डाऊन' न दिसता 'अनरीचेबल' दिसतं, म्हणजे 'बंद आहे की नाही माहीत नाही, पोचता येत नाही'. पडद्यावरचा हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तुमच्या सेवांच्या व्ह्यूमध्येही 'माहीत नाही' ही अवस्था राखाडी रंगात वेगळी ठेवा.

जीएम आणि मालक यांच्यासाठी महिन्याचा एक अहवाल आणि सेवांचा तोच रिसेप्शनचा व्ह्यू पुरे. त्यांना थेट अलर्ट पाठवू नका. एक अपवाद: एखादी सेवा तासाभराहून जास्त बंद असेल तर, तोही माणसाने फोन करून सांगावा.

आता मारा कमी करण्याबद्दल. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या टेक्साको रिफायनरीत वादळात वीज पडून गडबड सुरू झाली आणि काही तासांनी स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्या अनुभवानंतर प्रक्रिया उद्योगात अलार्मची शिस्त लिहिली गेली. १९९९ मध्ये आलेल्या ईईएमयूए १९१ या मार्गदर्शिकेने घालून दिलेलं माप आजही वापरात आहे: शांत काळात एका ऑपरेटरला दहा मिनिटांत साधारण एक अलार्म, आणि गडबडीच्या पहिल्या दहा मिनिटांत दहाच्या आत. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रक्रिया कारखान्यांत काम केलेल्या माणसांना हे माप ओळखीचं असतं. नेटवर्कवाले क्वचितच लावतात. तुम्ही लावून बघा. झॅबिक्सच्या रिपोर्ट्समध्ये सगळ्यात जास्त वाजलेल्या शंभर ट्रिगरांची यादी मिळते. बहुतेक वेळा वरचे दहाबारा ट्रिगरच निम्म्याहून जास्त आवाज करत असतात. खोल्यांकडच्या पोर्टचं अप-डाऊन (पाहुण्याने टीव्ही बंद केला की पोर्ट डाऊन), ॲक्सेस पॉइंटचं सीपीयू, प्रिंटर. पोर्टचे ट्रिगर अपलिंकपुरतेच (वरच्या उपकरणाकडे जाणाऱ्या जोडणीपुरतेच) ठेवा. सीपीयूसारख्या आकड्यांना रिकव्हरीची वेगळी अट द्या, ९० वर वाजला तर ७५ च्या खाली आल्यावरच मिटेल, म्हणजे सीमारेषेवर उड्या मारणार नाही.

झॅबिक्समध्ये गांभीर्याच्या सहा पातळ्या आहेत. सहाही वापरायची सक्ती नाही. मी सगळ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगतो: हे नुसतं यादीत दिसलं तरी चालेल का, कुणाला तरी कळवायला हवं का, की झोपेतून उठवायला हवं? यादीत दिसणाऱ्याला 'वॉर्निंग', कळवण्याजोग्याला 'ॲव्हरेज', उठवण्याजोग्याला 'हाय'. 'डिझास्टर' अख्ख्या हॉटेलचं काम थांबेल अशा घटनेसाठी राखून ठेवा. दोन लाइनपैकी एक गेली आणि दुसऱ्यावर काम चालू आहे, तर पाहुण्याला काहीच जाणवत नाही; ते 'ॲव्हरेज', फक्त तुमच्या टीमला, पण त्याच दिवशी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हाच अलर्ट 'हाय' करायला हरकत नाही. रंगाबरोबर शब्दही दाखवा, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं प्रत्येक मोठ्या टीममध्ये असतात.

निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा. ग्रुपमध्ये प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. ॲक्शनमध्ये पायऱ्या लावा. पहिली पायरी लगेच, ड्यूटीवरच्या एका माणसाला. पंधरा मिनिटांत कुणी ॲक्नॉलेज केलं नाही तर दुसरी, सिनियरला. 'इव्हेंट ॲक्नॉलेज झालेला नाही' ही अट प्रत्येक पुढच्या पायरीवर हवी, नाहीतर काम सुरू झाल्यावरही फोन वाजत राहतात. झॅबिक्स होस्टवर वाचायची परवानगी नसलेल्या माणसाला निरोप पाठवतच नाही, आणि पाठवला नाही हे कुठे ठळक सांगतही नाही. म्हणून नवा माणूस ड्यूटीच्या यादीत आला की आधी त्याचा युजर ग्रुप बघा. चवथीच्या दिवसांत अर्धी टीम गावी असते; त्या आठवड्याचं ड्यूटीपत्रक वेगळं करून मीडियाच्या (निरोप पाठवायच्या मार्गांच्या) वेळाही बदला.

रिसेप्शनला टीव्ही लावा, पण पाहुण्यांना दिसेल असा नको, काउंटरच्या मागे. त्यावर सेवांचाच व्ह्यू, वेगळ्या वाचण्यापुरत्या खात्याने, किऑस्क मोडमध्ये, आणि ऑटो-लॉगआउट बंद ठेवून. टीव्हीचा धोका असा की लाइन गेली की पान गोठतं. सर्व्हर पणजीत, टीव्ही मोरजीत, मधली लाइन बंद: पडद्यावर पाऊण तासापूर्वीचं हिरवं चित्र तसंच राहील. म्हणून पानावर 'शेवटचा आकडा कधी आला' ती वेळ मोठ्या अक्षरात हवी; घड्याळाचं विजेट नको, ते लाइन गेली तरी ब्राउझरमध्ये चालतच राहतं. ती वेळ भिंतीवरच्या घड्याळाच्या बरीच मागे असेल तर पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं रिसेप्शनच्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सगळ्या उपकरणांच्या वेळा एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या पद्धतीने) जुळलेल्या असणं इथेही लागतंच. आणि सर्व्हरच बंद पडला तर कोण सांगणार? कोलव्यात एक छोटं यंत्र ठेवून त्याच्याकडून पणजीच्या सर्व्हरला पिंग करवा, निरोप मोबाइल नेटवर्कवरून.

हे सगळं झाल्यावर पडताळणी. प्रत्येक प्रकारच्या युजरचं एक चाचणी खातं करा, खऱ्या युजर ग्रुपमध्ये घाला, आणि त्या खात्याने स्वतः लॉगिन करा. सुपर ॲडमिनमधून बघून 'त्यांना दिसत असेल' असं धरू नका. प्रत्येक हॉटेलच्या ग्रुपमध्ये एक खोटा होस्ट करून त्यावर ट्रॅपर आयटम (बाहेरून पाठवलेला आकडा घेणारा) ठेवा आणि झॅबिक्स सेंडर या छोट्या प्रोग्रामने एकेक पातळीचा प्रॉब्लेम उभा करा: रिसेप्शनला काय आलं, इलेक्ट्रिशियनला काय, फोन कुणाचा वाजला. मग एकदा खरोखर केबल काढा. सप्टेंबरअखेर, सीझन सुरू व्हायच्या आधी, दुपारी, जीएमना सांगून, मोरजीच्या राउटरची. परवाचा प्रकार पुन्हा घडवून मॅनेजरच्या फोनवर 'मोरजी इंटरनेट: बंद' हे किती मिनिटांत येतं ते मोजा.

व्हेंडरचं शेवटी. लॉगिन द्या, कारण फोटो पाठवून निदान होत नाही. पण कंपनीच्या नावाचं एक खातं नको, येणाऱ्या प्रत्येक माणसाचं वेगळं. परवानगी फक्त त्यांनी बसवलेल्या उपकरणांच्या होस्ट ग्रुपवर, फक्त वाचायची, आणि रोलमधून कॉन्फिगरेशन, स्क्रिप्ट आणि एपीआय बंद. इथे परवानगी घट्टच ठेवायची, वर सांगितलेला मोकळा हात बाहेरच्यांसाठी नाही. त्यांना त्यांच्यापुरतंच दिसतं हे त्यांच्या डॅशबोर्डवर एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे 'आमच्याकडे सगळं हिरवं आहे' असं ते फोनवर म्हणतील तेव्हा दोन्हीकडच्यांना त्याची मर्यादा ठाऊक असेल. एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपण्याच्या तारखेला खातं बंद करायचं काम आजच कॅलेंडरमध्ये टाका.